सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग दुसऱ्यांदा शिकतोय, दुसऱ्यांदाही पाठांतरच. काय करू?

डिप्लोमावाला

पुणे विद्यापीठाच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरला थेट दुसऱ्या वर्षाला आलोय, २०१९ चा पॅटर्न (अभ्यासक्रम). त्याआधी पॉलिटेक्निक केलं. तिथे चौथ्या सेमला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग होतं, इथेही चौथ्याच सेमला आहे. पुन्हा सॉफ्टवेअर कोणत्या क्रमाने बनवायचं याची तीच मॉडेलं, तोच वॉटरफॉल (एकापाठोपाठ पायऱ्या), तोच स्पायरल (फेऱ्याफेऱ्यांनी), आणि कोण सॉफ्टवेअरकडून काय करून घेतं ते दाखवणाऱ्या त्याच यूज केस डायग्राममधली काडीची माणसं. इनसेमला (सेमच्या मधल्या परीक्षेला) ३० पैकी २४ पडले, पण खरं सांगायचं तर मला यातलं काहीच येत नाही. मॉडेलचे फायदे-तोटे पाच-पाच मुद्द्यांत लिहिता येतात, एवढंच.

आता मिनी प्रोजेक्ट द्यायचाय. आम्ही चौघं आहोत. तिघांचं म्हणणं, लायब्ररी मॅनेजमेंट गिटहबवरून (लोक आपला कोड ठेवतात ती साइट) उचलू, नावं बदलू, रिपोर्ट छापू आणि वाचलेला वेळ डीएसएला (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) देऊ. मलाही ते पटायला लागलंय. या विषयाचा नोकरीत खरंच उपयोग होतो का? होत असेल तर तो शिकायचा कसा?

थर्डइयर_बॅकलॉगमुक्त

भावा, मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढ. युनिट तीन ते सहा, एंडसेम (सेमच्या शेवटची परीक्षा) ७० ची, प्रश्न फिरून फिरून तेच येतात. कोकोमोचं (प्रकल्पाला किती श्रम लागतील याचा अंदाज काढायचं सूत्र) एक गणित पक्कं कर, मार्क हातचे आहेत. प्लेसमेंटला पहिल्या फेरीत ॲप्टिट्यूड आणि कोडिंग असतं, स्पायरल मॉडेल कोणी विचारत नाही. तिघं बरोबर बोलतायत.

नीरेकाठची

मी बरीच वर्षं टेस्टिंग केलं, आता एका टीमचे रिलीज सांभाळते. वरच्याचं परीक्षेपुरतं बरोबर आहे, त्यात वाद नाही. डीएसए कर, तेही बरोबर. पण लायब्ररी मॅनेजमेंट उचलू नकोस. चोरी वगैरे नंतर बघू. मुख्य अडचण ही की त्यात तुला प्रश्न विचारायला समोर माणूसच नाही. पुस्तक दिलं, पुस्तक घेतलं, दंड दोन रुपये. सगळी उत्तरं आधीच ठरलेली. मग एसआरएस (सॉफ्टवेअरने काय काय करायचं ते मांडणारा कागद) लिहिणं म्हणजे शुद्धलेखनच होणार, कंटाळा नाही येणार तर काय?

आधी वॉटरफॉलबद्दल एक गोष्ट, जी आम्हाला वर्गात कोणी सांगितली नव्हती. ते पायऱ्यापायऱ्यांचं चित्र विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या पेपरमधून आलं. त्यांनी चित्र काढलं आणि लगेच खाली लिहिलं की हे असंच्या असं केलं तर धोका आहे, कारण टेस्टिंग शेवटी येतं आणि तेव्हा सापडलेली चूक थेट डिझाइनपर्यंत मागे नेते. पुढचा सगळा पेपर त्यावर उपाय काय याचा आहे. आपण पहिलं चित्र तेवढं घेतलं आणि त्याचे फायदे-तोटे पाठ करत बसलो. तुझे तोट्यांचे पाच मुद्दे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होते!

आता प्रोजेक्ट. तुझ्या नावावरून आणि प्रश्नावरून तू गावाकडचा वाटतोस, चुकत असेन तर सोड. गावात दूध संकलन केंद्र असेलच. माझे वडील दूध संस्थेत सचिव होते, त्यामुळे हे मला आतून माहीत आहे. शनिवारी सकाळच्या पाळीला तिथे जाऊन उभा राहा. लॅपटॉप नेऊ नकोस, वही ने.

वरवर बघितलं तर काम सोपं आहे. कॅन आला, दूध मोजलं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघितलं, दरपत्रकात दर शोधला, लिटरने गुणलं, पावती दिली. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया, त्याच्या वरखाली दर हलतो. दहा दिवसांनी बिल. तुझ्या मित्रांना सांगितलंस तर म्हणतील एका दुपारचं काम आहे. एका टेबलात उरकतील.

मग तिथे तासभर थांब आणि बघ काय काय येतं.

लाइट जाते. सचिव वहीत लिहून घेतात, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये चढवतात. म्हणजे दूध घातल्याची तारीख वेगळी आणि नोंद केल्याची तारीख वेगळी. तुझ्या टेबलात तारखेचा एकच कॉलम असेल तर पहिल्याच आठवड्यात मेलास.

खातं सासऱ्याच्या नावावर, दूध घालायला येते सून. मधेच सासरे वारले की त्याच बिलातले निम्मे दिवस मुलाच्या खात्यावर न्यायचे, पण त्यांनी घेतलेली उचल कोणाच्या बिलातून कापायची? एकाच नावाची तीन माणसं गावात असतात, म्हणून तिथे नावाने काहीच चालत नाही, कोड नंबर चालतो. पेंडीच्या पोत्याचे पैसे बिलातून जातात. सगळे एका बिलात गेले तर हातात काहीच उरत नाही, म्हणून सचिव तोंडी ठरवतात की या खेपेला अर्धे. हा ‘तोंडी’ तुझ्या यूज केसमध्ये कुठे बसतो ते सांग मला.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे दर. नवा दर ११ तारखेपासून लागू, पण त्याचा कागद येतो १३ तारखेला. तोवर दोन दिवसांच्या पावत्या जुन्या दराने लोकांच्या खिशात गेलेल्या असतात. दर जर तू कोडमध्ये चार ठिकाणी लिहून ठेवला असशील तर बस शोधत. दराला ‘कधीपासून लागू’ हा कॉलम हवा, आणि दर काढण्याचं काम एकाच मॉड्यूलमध्ये (प्रोग्रामच्या एका तुकड्यात) हवं. बाकी कोणाला आत काय चाललंय ते कळताही कामा नये. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली हेच मांडलं: प्रोग्रामचे तुकडे कामाच्या क्रमाने पाडू नका, जी गोष्ट बदलण्याची शक्यता आहे ती एकेका तुकड्यात लपवा. तुझ्या सिलॅबसमध्ये ते इन्फर्मेशन हायडिंग म्हणून दोन ओळींत आलं असेल. त्या दोन ओळींवर माझं घर चालतं.

टेस्टिंगचं युनिटही इथेच कळेल. बाउंड्री व्हॅल्यू म्हणजे ३.४, ३.५ आणि ३.६ फॅट घालून बघणं. अनेक ठिकाणी पायाच्या खाली कपात वेगळ्या हिशोबाने होते आणि वर वाढ वेगळ्या हिशोबाने, त्यामुळे गोंधळ बरोबर त्या कडेवरच होतो. मशीन ३.४५ दाखवत असेल तर ते खाली धरायचं की वर? हे तू ठरवायचं नाही, सचिवांना विचारायचं आणि त्यांचं उत्तर एसआरएसमध्ये लिहायचं. पैसे फ्लोटमध्ये (दशांश संख्येच्या प्रकारात) ठेवू नकोस. कॉम्प्युटरला ०.१ अचूक साठवता येत नाही, ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथॉनला विचार, ०.३ च्या पुढे बऱ्याच शून्यांच्या शेपटीला ४ निघेल. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून ठेव. शेतकरी पावत्या जपून ठेवतात आणि बेरीज तोंडी करतात, दहा पैशांचा फरक पडला तरी दारात उभे राहतील.

उपयोग होतो का विचारलंस ना. युरोपचं एरियन ५ रॉकेट ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत फुटून गेलं. कोड एरियन ४ मधून उचललेला होता आणि तिथे तो नीट चालत होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. तुमच्या गिटहबवरच्या लायब्ररीचंही तेच: कोड बरोबर असेल, पण तो दुसऱ्या कोणाच्या गरजेसाठी बरोबर आहे.

कोकोमोचं मात्र मनाला लावून घेऊ नकोस. बोहम यांनी १९८१ साली ६३ प्रकल्पांवरून ती समीकरणं बसवली, आकडे त्या काळचे आणि त्या कामांचे आहेत. सूत्रातले २.४ आणि १.०५ हे आकडे पाठ कर, मार्क घे, सोडून दे.

थर्डइयर_बॅकलॉगमुक्त

ताई, भारी आहे, पण एवढं करायला सेमिस्टर पुरणार आहे का? आणि एसआरएस चाळीस पानी लागतो आमच्याकडे. सर पानं मोजतात.

नीरेकाठची

पूर्ण करायचंच नाही. सकाळ-संध्याकाळची नोंद, पावती, दहा दिवसांचं बिल. बस. कपाती सुद्धा पहिल्या खेपेला नकोत.

पानं मोजणाऱ्या सरांना पानं द्या. कॉलेजात एसआरएसला अजून बहुतेक आयईईई ८३० या मानकाचा साचा चालतो; तो १९९८ चा, २०११ साली त्याच्या जागी नवं मानक आलं, पण साचा म्हणून वाईट नाही. प्रस्तावना आणि व्याख्यांत पानं भरतात. तुमच्या कामाची पानं पाच-सहाच असतील, ती नीट लिहा. प्रत्येक गरजेला नंबर, आणि ती पूर्ण झाली हे कसं तपासणार ते तिथेच खाली. ‘प्रणाली वापरायला सोपी असावी’ असलं वाक्य दिसलं की खोडा. ‘एक कॅन आल्यापासून पावती निघेपर्यंत नोंदीला पाचपेक्षा जास्त बटणं दाबावी लागू नयेत’ हे तपासता येतं.

आणि चौघांनी झिप फाइल व्हॉट्सॲपवर फिरवू नका. ‘फायनल_नवीन_खरंफायनल’ कोणाकडे आहे यावर सबमिशनच्या आदल्या रात्री भांडणं होतात, दरवर्षी होतात. गिट (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन) पहिल्या दिवसापासून, प्रत्येकाची ब्रांच म्हणजे स्वतंत्र प्रत, दुसऱ्याने वाचल्याशिवाय ती मुख्य कोडात मर्ज करायची नाही. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेल्या एक्स्टर्नलने ‘तू काय केलंस’ विचारलं की गिटमधला बदलांचा लॉग उघडून दाखवायचा.

राईनकाठचा_पुणेकर

जर्मनीत मास्टर्स करतोय, थोडा विरोधी सूर. इथेही मॉडेल्स आहेत, इथेही पाठांतर आहे, फक्त प्रोजेक्टला अर्ध्यात गरज बदलून देतात आणि कधी कधी दुसऱ्या गटाचा कोड हातात देऊन ‘आता यात भर घाला’ म्हणतात. ते सगळ्यात जास्त शिकवून जातं. सर नाही सांगणार तर तुम्हीच शेजारच्या गटाशी आठवड्याभरासाठी कोड बदलून बघा. फक्त नीरेकाठच्या ताईंशी एका बाबतीत सहमत नाही: यूएमएल (यूज केससारख्या आकृत्या काढायची पद्धत) एवढंही टाकाऊ नाही. सिक्वेन्स डायग्राम (कोण कोणाला कोणत्या क्रमाने काय पाठवतं ती आकृती) आम्ही अजून फळ्यावर काढतो.

नीरेकाठची

यूएमएलला मी कुठे टाकाऊ म्हटलं? काडीच्या माणसांची चेष्टा त्याने केली, मी नाही. सिक्वेन्स डायग्राम मीही काढते. कोड झाल्यावर रिपोर्टसाठी टूलमधून काढलेले क्लास डायग्राम मात्र कोणी वाचत नाही, काढणाराही नाही.

कोड बदलण्याची सूचना झकास. करा.

डिप्लोमावाला

गावाकडचाच आहे, ताई. शनिवारी गेलो होतो, दोघं आलो, तिसरा झोपला, चौथ्याला अजून पटलेलं नाही. तुम्ही म्हणालात त्यातलं लाइटचं आणि नावांचं लगेच दिसलं. ३.४५ चं विचारलं तर सचिव म्हणाले, आमचं मशीन दशांशानंतर एकच आकडा दाखवतं, तुला कुठून सुचलं हे.

पण त्यांनी उलट एक प्रश्न विचारला, त्यावर अडलोय. बिल छापून वाटल्यावर कळलं की एका दिवशी एकाचे १२ लिटर दुसऱ्याच्या कोडवर पडलेत, तर ते कोण आणि कसं दुरुस्त करणार? माझा मित्र म्हणतो ॲडमिनला एडिटचं बटण देऊ. सचिवांच्या चेहऱ्यावरून त्यांना ते आवडलेलं दिसलं नाही.

नीरेकाठची

आवडणार कसं? उद्या ऑडिटर येतो आणि छापलेलं बिल एक सांगतं, कॉम्प्युटर दुसरं. नोकरी त्यांची जाते.

छापलेल्या बिलातली नोंद कधीच बदलायची नाही, पुसायचीही नाही. ज्याच्या कोडवर चुकून पडले त्याच्या खात्यावर उणे १२ लिटर, ज्याचं दूध होतं त्याच्या खात्यावर अधिक १२ लिटर, त्या दिवसाच्या फॅटने आणि त्या दिवसाच्या दराने. सोबत दुरुस्ती कोणी केली, कधी केली आणि कोणत्या मूळ नोंदीची. पुढच्या बिलात ‘मागील फरक’ म्हणून वेगळी ओळ. दूध घातल्याची आणि नोंदीची अशा दोन तारखा ठेवल्या असतील तर हे आपोआप बसतं.

आधी ती ओळ असलेलं नमुना बिल हाताने कागदावर काढ आणि सचिवांना दाखव. ते मान डोलावतील तेव्हा टेबल बनव. आणि झोपलेल्या मित्राला पुढच्या शनिवारी उचलून ने, त्याच्याकडे टेस्टिंग दे.