जर्नीमन : रोजंदार की मिस्त्री?

तर्जुमेवाली : अमेरिकेतल्या एका इलेक्ट्रिशियनची मुलाखत मराठीत आणतेय. 'जर्नीमन'ला मी 'रोजंदार' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'फिरता कारागीर' केलं. 'युनियन जॉब'चं झालं 'संघटित क्षेत्रातील नोकरी'. दोन्ही खटकतात.

शब्दवेडा : 'फिरता' साफ चूक. मूळ फ्रेंच 'झुर्ने', म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. रोजंदारच बरोबर.

वायरमन : व्युत्पत्ती जुळली, पण अर्थ बुडाला ना! रोजंदार म्हटलं की आपल्याला नाक्यावर कामाची वाट बघणारा माणूस दिसतो. तिथला जर्नीमन चार-पाच वर्षं उमेदवारी करून तयार होतो. आमच्या साइटवर अशाला मिस्त्री म्हणतात. पॅनेल उघडून कुठला फेज गेलाय ते तो सांगणार, पोऱ्या टेस्टर घेऊन शेजारी उभा.

शुद्धमती : मिस्त्री पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आलाय. 'कसबी कारागीर' असताना परका शब्द कशाला?

वायरमन : कसब अरबी, कारागीर फारसी. आता बोला.

घाटावरचा : 'संघटित क्षेत्र' मात्र काढाच. तिथे युनियनच्या हॉलमध्ये नाव नोंदवायचं, नंबर लागला की ते कंत्राटदाराकडे पाठवतात. कंत्राटदार बदलला तरी पेन्शनचा फंड तोच राहतो. आपल्या माथाडी मंडळासारखं. १९६९च्या कायद्यात हेच आहे: मालक कितीही असोत, मजुरी आणि फंड मंडळातून.

शब्दवेडा : मंडळ सरकारी कायद्याने झालंय, हॉल युनियनचा. एका मापाने मोजू नका.

घाटावरचा : कामगाराला मिळणारा आधार तर सारखाच आहे ना?

डोंबिवलीकर : आधार सगळ्यांनाच हवा असतो असं नाही. माझा मामेभाऊ टेक्सासात घरांचं वायरिंग करतो, युनियनबाहेर. नंबराची वाट बघत बसणं त्याला जमत नाही, पुढे स्वतःची कंत्राटं घ्यायचीत. त्याचा मित्र हॉलमधून जातो, इस्पितळं, वीजकेंद्रं अशी मोठी कामं. म्हातारपणाची सोय सोडून कोण जाईल, असं तो म्हणतो. त्या दोघांचं कधी पटत नाही.

तर्जुमेवाली : म्हणजे 'युनियनमार्फत मिळणारं काम'? लांबतंय, पण चालेल. जर्नीमनचं अजून अडलंय. मुलाखतीतली इलेक्ट्रिशियन बाई आहे.

शुद्धमती : मिस्त्रीण?

वायरमन : ती मिस्त्रीची बायको झाली. 'मिस्त्रीबाई' म्हणा.

शुद्धमती : 'बाई' चिकटवल्याशिवाय बाईचा हुद्दा सांगताच येत नाही का? ती मिस्त्री आहे, एवढंच लिहा.

शब्दवेडा : आत्ता तर मिस्त्री परका होता!