सांगलीची गणपती पेठ, कापड पेठ, हरभट रोड : जुन्या दुकानांच्या आठवणी सांगा

कृष्णाकाठ : काल लेकीनं मोबाइलवरून किराणा मागवला. सगळं प्लास्टिकात आलं आणि मला एकदम गणपती पेठेतला दोऱ्याचा डबा आठवला. आढ्याला टांगलेला, खालून दोरा लोंबतोय. दुकानदार काका रद्दीच्या कागदात साखर घालायचे, कोपरे आत दाबायचे, उभेआडवे वेढे देऊन बोटानं असा हिसका मारायचे की दोरा कात्रीशिवाय तुटायचा. आई तो दोरासुद्धा सोडवून गुंडाळून ठेवायची. तुमचं दुकान कुठलं? लिहा.

गावभागकर : उधारीची लाल वही! वडिलांचा पगार लांबला तरी काकांनी आम्हा पोरांसमोर बाकीचा विषय कधी काढला नाही. हे मी विसरणार नाही.

माहेर_सांगली : कल्हईवाला कसा राहिला? भाता सुरू झाला की आम्ही सगळी पोरं भोवती. नवसागराचा धूर नाकात जायचा. कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसलं की पातेलं आतून लख्ख! आले, भाजी लागतेय खाली.

हळदवाला : आजोबा अडते होते. हरिपुरात हळद साठवायची पेवं होती, जमिनीखाली. पेव उघडलं की आधी वारं लागू द्यायचे, लगेच आत कुणी उतरायचं नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरलं नि बरीच पेवं गेली.

आक्का : पूर म्हटलं की मला २०१९च. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट म्हणजे धोका, पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं. कापड पेठेत आमच्या मामांचं दुकान. ओसरल्यावर साड्यांचे गठ्ठे चिखलातून ओढून काढले, रंग एकमेकांत उतरलेले. शेजारचे भांडीवाले आधी आमच्याकडं चिखल काढायला आले, मग स्वतःचं कुलूप उघडलं.

माहेर_सांगली : आक्का, डोळ्यांत पाणी आलं ओ. मामा कसे आहेत आता?

आक्का : बरे आहेत. गल्ल्यावर बसतात अजून. पावसाळ्यात खालच्या फळीवर काही ठेवू देत नाहीत.

मिरजवाली : आमच्या सतारमेकरांनाही घ्या की धाग्यात! दारात वाळत ठेवलेले भोपळे, आतून तारा लावल्याचा आवाज. शाळेतून येताना पाय आपोआप थांबायचे. २०२४ ला मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं, लई आनंद झाला.

पुण्यात_सध्या : उद्या पहाटे परत निघतोय, भडंग कुठलं नेऊ?

गावभागकर : लसूण सढळ हातानं घातलेलं कुठलंही. आजच घेऊन ठेवा, पहाटे दुकानं बंद असतात.