फक्त फोटो टाकून खरोखर पैसे मिळतात का? नवख्याने सुरुवात कुठून करावी?

लोकरीचा गुंडा यांचा प्रश्न

गेली सहा वर्षे मी क्रोशाचे विणकाम करते आहे आणि पूर्ण झालेल्या कामांचे फोटो हौस म्हणून इन्स्टाग्रामवर टाकते. खात्याला साधारण सहाशे फॉलोअर आहेत आणि त्यांतले निम्मे तरी नात्यातले नाहीतर ओळखीतले असावेत. अलीकडे 'फोटो टाका, घरबसल्या कमवा' अशा जाहिराती सतत समोर येऊ लागल्या आहेत. एका ऑनलाइन शिकवणीवाल्यांनी तर शुल्क भरल्यास पहिल्याच महिन्यापासून उत्पन्न सुरू होईल, असे मला खासगी संदेशात कळवले. ते भरण्यापूर्वी जाणकारांना विचारून पाहावे, असे वाटले.

माझी शंका अगदी प्राथमिक आहे. मी एक फोटो टाकला आणि तो हजार जणांनी पाहिला, तर पैसे देणारा नेमका कोण? इन्स्टाग्राम किंवा पिंटरेस्ट स्वतः देतात का आणि त्यासाठी ठरावीक फॉलोअर लागतात का? पिंटरेस्टवर खाते उघडून ठेवले आहे, परंतु इतरांची चित्रे बोर्डवर गोळा करण्यापलीकडे तिथे काय करायचे, ते मला उमगलेले नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, की विणलेल्या वस्तू विकण्याचा माझा विचार नाही, कारण एका शालीपायी दीड महिन्याच्या रात्री जातात आणि त्या वेळेचे मोल कोणी देईल, असे वाटत नाही.

सावकाश यांचे उत्तर

ही शंका बहुतेक जण विचारतच नाहीत आणि मग वर्षभर फोटो टाकून हात हलवत परत येतात. नुसता फोटो पाहिला गेला म्हणून इन्स्टाग्राम किंवा पिंटरेस्ट नवख्याला पैसे देत नाहीत. पिंटरेस्टने निर्मात्यांना थेट मोबदला देणारी 'क्रिएटर रिवॉर्ड्स' ही योजना २०२१ मध्ये आणली होती, पण २०२२ संपण्यापूर्वीच ती गुंडाळलीही. पैसे देणारा जवळजवळ नेहमीच त्या फोटोच्या पलीकडे बसलेला असतो. तो आपल्या मालाची प्रसिद्धी हवी असलेला व्यापारी असेल, तुमच्या लिंकवरून झालेल्या खरेदीवर कमिशन देणारे दुकान असेल किंवा तुमच्याकडून थेट काही विकत घेणारा वाचक असेल. या तिघांपैकी कोणासाठी फोटो टाकतो आहोत, हे आधी ठरवावे लागते. कॅमेरा, प्रकाश, हॅशटॅग हे सगळे त्यानंतरचे.

ही दोन्ही ठिकाणे २०१० साली सुरू झाली, परंतु त्यांचे स्वभाव अगदी निराळे आहेत. इन्स्टाग्रामवर माणसे माणसांना पाहायला येतात. तिथे फोटोखालच्या मजकुरात लिंक लिहिली, तरी तिच्यावर टिचकी मारता येत नाही. वाचकाला तुमच्या बायोपर्यंत जावे लागते, नाहीतर स्टोरीतल्या लिंक स्टिकरवर बोट ठेवावे लागते. स्टोरीत लिंक देण्यासाठी पूर्वी दहा हजार फॉलोअर किंवा अधिकृत खूण असावी लागे, ती अट ऑक्टोबर २०२१ मध्ये गेली, आणि बायोमध्ये एकाऐवजी पाच लिंक देण्याची सोय एप्रिल २०२३ मध्ये आली. दहा हजारांचा आकडा गाठल्याशिवाय काहीच होत नाही, असे आजही सांगितले जाते, त्यामागे बहुधा ही जुनीच अट असावी.

पिंटरेस्ट मात्र गप्पांचा कट्टा नाही, तिथे लोक शोधायला येतात. 'बाळाची टोपी सोपी वीण' असे काहीतरी टाइप करणाऱ्याला तुम्ही कोण आहात याच्याशी देणेघेणे नसते, त्याला टोपी हवी असते. शिवाय प्रत्येक पिनला, म्हणजे तिथे टाकलेल्या प्रत्येक चित्राला, स्वतःचा वेबपत्ता जोडता येतो, म्हणजे फोटोवरून माणूस थेट तुमच्या पानावर पोहोचतो. त्यामुळे सहाशे फॉलोअर असलेल्या, किंवा एकही नसलेल्या माणसाने पिंटरेस्टपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खाते व्यावसायिक प्रकारात बदलून घ्या, ते विनामूल्य असते आणि किती जणांनी पिन पाहिली, जतन केली आणि लिंक उघडली, हे वेगवेगळे दिसू लागते. फोटो उभा ठेवा. तिथे २:३ हे प्रमाण सुचवले जाते, म्हणजे १००० बाय १५०० पिक्सेल. पिनच्या शीर्षकात 'माझे आवडते काम' असे लिहू नका, कारण हे शब्द कोणीही शोधत नाही. लोक जे टाइप करतील तेच शब्द तिथे हवेत.

दुपारचे ऊन यांचे उत्तर

मी स्वतः विणकाम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. वस्तू विकायची नाही हा तुमचा निर्णय मला योग्य वाटतो, कारण वस्तू एकदाच विकली जाते. तीच वस्तू कशी विणायची याची कृती, आलेखासह पीडीएफ करून ठेवली, तर ती एकदा लिहून पुन्हा पुन्हा विकता येते. विणकामाच्या कृतींसाठी २००७ पासून चालणारे रॅव्हलरी हे संकेतस्थळ आहे, हस्तकलेच्या वस्तूंबरोबर अशा फाइलीही विकू देणारे एट्सी आहे आणि दोन्हीकडे स्वतःची वेबसाइट नसतानाही दुकान मांडता येते. पिंटरेस्टवरची पिन त्या दुकानातल्या नेमक्या पानाकडे वळवायची, एवढी साधी ही साखळी आहे.

फोटोंबाबत मात्र मी बराच काळ चुकीच्या समजुतीत होते. घडी घातलेले पांघरूण, खिडकीतला प्रकाश, शेजारी पुस्तक, असे देखणे फोटो मी टाकत असे. ते आवडले म्हणून सांगणारे पुष्कळ होते, पण लिंक उघडणारे जवळपास कोणीच नव्हते. एकदा वैतागून एका चौकोनाचा अर्धवट विणलेला कोपरा जवळून टिपला. एकाच जागी तीन खांब (हा क्रोशाचा उंच टाका), मग दोन साखळ्या (साखळी टाके), पुन्हा तीन खांब आणि शेवटच्या खांबात अडकलेली सुई. त्या फोटोत लोकरीचे तंतू उठून आलेले दिसत होते आणि माझ्या अंगठ्याचे नखही धड नव्हते. तोच माझ्या सगळ्या फोटोंत सर्वाधिक जतन झाला, कारण नवशिक्याचा चौकोन नेमका तिथेच बिघडतो. तेव्हापासून मी प्रत्येक कृतीचा एक फोटो पूर्ण वस्तूचा आणि दोन-तीन अडणाऱ्या जागांचे, अशा पद्धतीने टाकते.

अपेक्षा किती ठेवावी, याचा हिशेबही मांडून दाखवते. समजा, एक पिन पाच हजार वेळा कोणाच्या ना कोणाच्या पडद्यावर आली, शंभरातल्या एकाने लिंक उघडली आणि आलेल्या पन्नासांपैकी एकाने कृती विकत घेतली, तर हाती पडते एक विक्री. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, तुमचे निराळे येतील, परंतु पाच हजार हा आकडा पाहून हुरळून जायचे नाही, हे त्यातून लक्षात यावे. उलट बाजूने, पिन जुनी झाली म्हणून मरत नाही. शोधणाऱ्याला ती वर्षभरानंतरही सापडते. थंडीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तूंच्या पिना मी थंडी सुरू होण्याच्या दीड-दोन महिने आधी टाकते, कारण विणणाऱ्याला वस्तू वेळेवर संपवायची असते.

कृती लिहिताना एक खबरदारी घ्या, ती न घेतल्यामुळे मला दोनदा पैसे परत करावे लागले आहेत. अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धतीत क्रोशाच्या टाक्यांची नावे सारखी असून अर्थ वेगळे असतात. अमेरिकी 'डबल क्रोशे' म्हणजे ब्रिटिश 'ट्रेबल'. इंग्रजीत कृती देणार असाल, तर कोणती पद्धत वापरली ते पहिल्याच ओळीत लिहा.

खडूस वाचक यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, तरी त्यांत थोडे विरजण घालणे भाग आहे. प्रथम शिकवणीवाल्यांविषयी. पहिल्या महिन्यापासून उत्पन्नाची हमी देणाऱ्याचे स्वतःचे उत्पन्न बहुतांशी तुमच्या शुल्कातूनच येत असते. 'पोस्टला लाइक करा आणि पैसे मिळवा' हा प्रकार तर याहून वाईट आहे. त्यात आधी थोडे पैसे खरोखर दिले जातात, नंतर मोठे काम मिळवण्यासाठी तुम्हाला अनामत भरायला लावतात आणि तिथेच तो संवाद संपतो. काम देणारा पैसे मागू लागला किंवा कोणत्याही कारणाने ओटीपी विचारू लागला, तर उत्तर न देता खाते ब्लॉक करावे.

फॉलोअर विकत घेण्याचा मोहही आवरा. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने बनावट खाती साफ केली, तेव्हा खुद्द इन्स्टाग्रामच्या अधिकृत खात्याचे जवळपास १ कोटी ८९ लाख फॉलोअर एका झटक्यात गळाले होते. तिथे तुमच्याआमच्या विकतच्या पाच हजारांची काय कथा? व्यापारीही आता फॉलोअरबरोबर प्रतिसाद मोजतात. सहाशेंपैकी साठ जण मनापासून काही विचारत असतील, तर ते खाते वीस हजारांच्या मुक्या खात्यापेक्षा त्यांना उपयोगाचे वाटू शकते.

कमिशनच्या लिंकांबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. लोकर, सुया यांच्या लिंक देऊन कमिशन मिळवता येते, पण अटी नीट वाचा. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत लिंक उघडल्यापासून २४ तासांत ग्राहकाने वस्तू कार्टमध्ये टाकावी लागते, १८० दिवसांत तीन पात्र विक्री न झाल्यास खाते बंद होते आणि स्वतः केलेली खरेदी धरली जात नाही. या लिंकवरून आपल्याला कमिशन मिळते, हे वाचकाला दिसेल असे लिहिणे बंधनकारक आहे. पिंटरेस्टवर अशी लिंक छोटी करून लपवू नका, ती स्पॅम ठरते. शिवाय पिंटरेस्टने फेब्रुवारी २०१५ मध्ये कमिशनच्या सगळ्या लिंका काढून टाकल्या होत्या आणि २०१६ मध्ये पुन्हा परवानगी दिली. मधल्या काळात ज्यांचे सगळे उत्पन्न त्यावरच होते, त्यांनी काय केले असेल, याचा विचार करा. म्हणून स्वतःची कृती विकणे मला अधिक भरवशाचे वाटते.

शेवटी माझीच एक फसगत सांगतो. एका व्यापाऱ्याने मला फुकट साहित्य पाठवून चार फोटो मागितले आणि मी खूश होऊन ते दिले. पुढे वर्षभर तेच फोटो त्यांच्या जाहिरातींत झळकत राहिले आणि मला दमडीही मिळाली नाही, कारण फोटो कुठे आणि किती दिवस वापरता येतील, हे मी लिहून घेतलेच नव्हते. तेव्हापासून या दोन गोष्टी ईमेलवर लेखी आल्याशिवाय मी मूळ आकाराचा फोटो देत नाही.

लोकरीचा गुंडा

सर्वांचे मनापासून आभार. शुल्क भरण्याचा विचार रद्द केला आहे. दोन शंका उरल्या आहेत. मी विणलेल्या बऱ्याच वस्तू दुसऱ्यांच्या कृतींवरून केलेल्या आहेत, तर त्यांचे फोटो आणि कृती मला वापरता येतील का? आणि पिंटरेस्टवर आधी जमवलेली इतरांची चित्रे काढून टाकावीत का?

दुपारचे ऊन

तुम्ही काढलेला तुमच्या वस्तूचा फोटो तुमचा आहे, तो मूळ निर्मात्याच्या नावासह जरूर टाका. दुसऱ्याची लिखित कृती किंवा आलेख मात्र शब्द थोडे बदलूनही विकता येणार नाही, त्यावर त्यांचा कॉपीराइट असतो. खांब, साखळी, मुका खांब हे टाके कोणाच्याही मालकीचे नाहीत, तेव्हा त्यांतून स्वतःची वस्तू रचावी लागेल. पहिली कृती शालीची करू नका. पुस्तकातली खूण किंवा छोटा चौकोन घ्या, म्हणजे दोन संध्याकाळींत विणून होईल, आणि विकायला काढण्यापूर्वी एखाद्या मैत्रिणीला तुम्ही समोर नसताना ती कृती वाचून विणायला सांगा. ती जिथे अडेल, तिथला फोटो काढा.

जमवलेली चित्रे राहू द्या, त्यांनी काही बिघडत नाही. तुमच्या कामासाठी वेगळा बोर्ड करा आणि त्याला 'क्रोशे नवशिक्यांसाठी' असे शोधात सापडेल असे नाव द्या.