वावरात भेग पडली, खाली जुनी खाण. बुजवावी का?

प्रश्न (घुग्गुसजवळून):
आमच्या दोन एकरांखाली आजोबांच्या काळी बंद पडलेली कोळशाची भुयारी खाण आहे. परवाच्या झडीनंतर कपाशीच्या तासांना आडवी भेग पडली. पंजा सहज आत जातो. सकाळी कोमट वाफ येते आणि विहीर चार हात खाली गेली. बाबा म्हणतात, ट्रॅक्टरनं मुरूम आणून बुजवू. काल त्यांनी काडी पेटवून आत पाहिलंसुद्धा.

उत्तर (निवृत्त खाण सरदार, म्हणजे भुयारातल्या सुरक्षेवर देखरेख करणारा):
भाऊ, बाबांना हात जोडून सांगा, काडी पुन्हा नको. खाली मिथेन असला तर भडका उडतो. भेगेवर वाकूनही पाहू नका; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस जागीच कोसळतो.

मी एकतीस वर्षं भुयारात काढली. छत पेलायला कोळशाचेच खांब सोडतात. कित्येक ठिकाणी पुढे तेही काढले, आणि पोकळीत भरायची वाळू पुरती भरलीच नाही. याचा मला अजून राग येतो. मग छताचा एकेक थर गळतो, पोकळी वर सरकत येते, अन् एक दिवस जमीन बसते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्गुसच्या आमराई वॉर्डात अख्खं घर असंच जमिनीत गेलं.

तुमच्या विहिरीचं पाणी बहुतेक खालीच उतरलंय. भेग बुजवावी लागेल, नाहीतर हवा लागून जुना कोळसा आपोआप पेटतो. झारखंडच्या झरिया कोळसापट्ट्यात १९१६ पासून आग धुमसतेय. पण ट्रॅक्टर तिथं नेऊ नका, जमीन किती पोकळ आहे हे खाणीच्या नकाशावरूनच कळेल. तहसीलदारांना लेखी द्या, पोच घ्या. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं कार्यालय नागपूरला आहे, तिथंही प्रत पाठवा.

उत्तर (वणीहून):
पोरांना खुल्या खाणीच्या डोहापासूनही लांब ठेवा दादा. माझा मावसभाऊ म्हशी धुवायला उतरला होता. त्या डोहाला उतार नसतो, दोन पावलांवर कडा तुटते. पाणी इतकं निळं अन् शांत होतं की आम्हाला वाटलं, तो बुडी मारतोय.

प्रश्नकर्ता:
काका, अर्ज आज दिला. भेगेपासून पन्नास पावलांवर तुराट्या रोवून आईच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. बकऱ्या मामाकडे पाठवल्या. बाबा मात्र अजून बांधावरच बसून आहेत, कपाशीला बोंडं धरलीत ना.