सी-बँड भरला, एल-बँड चालू करताना काय तपासावं?

प्रश्न: जी.६५२.डी (नेहमीच्या सिंगल-मोड) फायबरवर सी-बँड (प्रकाशाचा १५३०–१५६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पट्टा) चॅनेलांनी भरलाय. नवी केबल न टाकता एल-बँड (त्यापुढचा, १६२५ पर्यंतचा पट्टा) घ्यायचाय. आधी काय पाहू?

उत्तर १: बेंड लॉस. तरंगलांबी वाढली की वाकलेल्या जागी गळती वाढते. १५५० आणि १६२५ नॅनोमीटर, दोन्हीवर ओटीडीआर (प्रकाशाचे स्पंद सोडून गळती कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) मारा. फरक दिसेल त्या स्प्लाइस ट्रेमधली (फायबरचे जोड ठेवायच्या तबकातली) वेटोळी सैल करा.

उत्तर २: एल-बँडला वेगळा ईडीएफए (एर्बियम फायबर वापरून प्रकाश वाढवणारा अँप्लिफायर) लागतो, त्यात ही फायबर सी-बँडपेक्षा बरीच लांब असते. खरी डोकेदुखी रामन परिणामाची: फायबरमध्येच कमी तरंगलांबीच्या सी-बँडची पॉवर जास्त तरंगलांबीच्या एल-बँडकडे सरकते. रिकाम्या चॅनेलांत पहिल्यापासून एएसई नॉइज (अँप्लिफायरचा माहिती नसलेला प्रकाश) भरा, नाहीतर एल-बँड अचानक गेला की सी-बँडची पातळी उसळते.

प्रश्नकर्ता: ट्रॅफिक चालू असताना १६२५ चा ओटीडीआर चालेल?

उत्तर १: नको, ते एल-बँडच्या काठावरच येतं. १६५० वापरा, फिल्टरसह.