शब्दचर्चा: पेशीला ऑक्सिजन ‘जाणवतो’ म्हणावं का?

कडुलिंब
अकरावीच्या मुलांसाठी २०१९च्या वैद्यकातल्या नोबेलवर टिपण लिहितेय. केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना ते मिळालं. ऑक्सिजन कमी-जास्त झाल्याचं पेशीला कसं कळतं आणि ती त्यावर काय करते, हा त्यांचा विषय. हे ‘सेन्स करणं’ मराठीत कसं आणू? ‘संवेदन’ लिहिलं की वाक्य ताठरतं, ‘जाणवतं’ लिहिलं की पेशीला मन फुटतं. शिवाय प्राणवायू की ऑक्सिजन?

खडीसाखर
ऑक्सिजनच ठेवा. प्राण म्हटलं की पाठोपाठ अपान, व्यान, उदान, समान हजर होतात, आणि ते वायू वेगळ्या शास्त्रातले. तसं ऑक्सिजन हे नावही चुकीच्या समजुतीवरच उभं आहे, सगळी आम्लं यातूनच होतात असं लाव्हाझिएला वाटलं होतं. बंगालीत त्यावरून अम्लजान झालं, कन्नडात आम्लजनक. पाठ्यपुस्तकात ‘ऑक्सिश्वसन’ आणि ‘विनॉक्सिश्वसन’ आहेतच. ‘विना’ला ऑक्सि जोडणाऱ्याला माझा नमस्कार.

दुपारचा चहा
मुलांचा खरा घोळ ‘श्वसन’पाशी होतो. छाती वरखाली होते तो श्वासोच्छ्वास; पेशीश्वसन मुख्यतः तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) चालतं. ‘पेशी ऑक्सिजन जाळते’ असं तर लिहूच नका. ऑक्सिडीकरण अन्नाचं होतं. इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या शेवटच्या टोकाला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन आपण नाकाने घेतलेला नव्हे, हे सांगितलं की वर्ग दोन मिनिटं गप्प बसतो.

कडुलिंब
हे घेतलं. पण माझा ‘सेन्स’ तसाच राहिला!

तांबडफुटी
‘जाणवणं’ नकोच. कोरोनात ऑक्सिमीटरवर ८०च्या आसपास आकडा आणि पेशंट मात्र फोनवर गप्पा मारतोय, असं आम्ही डॉक्टरांनी पाहिलंय. जीव गुदमरतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. ऑक्सिजन घटल्याची खबर मानेतल्या धमनीजवळची कॅरोटिड बॉडी मेंदूला देते (हेमान्सना १९३८चं नोबेल याच कामाबद्दल), पण ती सगळ्या शरीराची व्यवस्था झाली.

तुमचं नोबेल पेशीच्या आतलं आहे. एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन पेशी सतत बनवते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर सतत मोडतही असते. एक विकर (एन्झाइम) ऑक्सिजन वापरून त्या प्रथिनातल्या प्रोलिन या अमिनो आम्लाच्या ठरावीक दोन जागांवर हायड्रॉक्सिल गटाची खूण चिकटवतं. व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन ती खूण बघून त्याला पकडतं आणि काही मिनिटांत विल्हेवाट लागते. ऑक्सिजन घटला की खूण चिकटत नाही. मग एचआयएफ वाचतं, केंद्रकात जातं आणि जनुकं चालू करतं. मूत्रपिंडात एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढतं, त्यामुळे तांबड्या पेशी वाढतात. नव्या रक्तवाहिन्या फुटतात. ऑक्सिजनवाचून ग्लुकोज मोडणारी विकरं वाढतात. विल्हेवाट थांबणं हीच खबर. यात ‘जाणवण्या’ला जागा कुठे आहे?

खडीसाखर
‘चाहूल लागते’ कसं वाटतं?

दुपारचा चहा
चाहूल येणाऱ्याची लागते हो, इथे तर ऑक्सिजन निघून चाललाय. ‘सुगावा’ पोलिसांचा. ‘उणीव भासते’ जवळ जातं, पण भासायलाही मन लागतंच.

मी ‘दखल घेणे’ सुचवेन. ‘पेशी ऑक्सिजनच्या चढउताराची दखल घेते.’ सरकार दखल घेतं म्हणतो तेव्हा नुसतं कळलं असं आपण समजत नाही, पुढे हालचाल अपेक्षित असते. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या यंत्रणेतही ओळखणं आणि हालचाल ही एकच साखळी आहे.

तांबडफुटी
चालेल. एक वाक्य घालून पाहतो. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातल्या रक्तक्षयासाठी डेसिड्युस्टॅट ही गोळी भारतात २०२२ साली मंजूर झाली. खूण चिकटवणारं विकरच ती अडवते, त्यामुळे ऑक्सिजन असतानाही पेशी ‘नसलेल्या टंचाईची दखल घेते’. बरोबर बसलं! ‘जाणवते’ घातलं असतं तर पेशंटला दम लागला असं वाचकाला वाटलं असतं.

कडुलिंब
क्रियापद ठरलं. पण शीर्षकाला नाम हवं ना? ‘ऑक्सिजन-दखल’ वाचून माझंच हसू आवरेना.

खडीसाखर
शीर्षकात ‘ऑक्सिजन-संवेदन’ राहू द्या, मजकुरात दखल घ्या. आणि ‘संवेदना’ होऊ देऊ नका, नाहीतर श्रद्धांजलीचा फलक वाटेल.