अनुभव धागा : अवेळी पाऊस, पंचनामे आणि बांधावरचे पुढारी

मोसमी पाऊस २०२५ साली केरळात २४ मेला पोचला आणि मुंबईत २६ मेला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यातली उभी सोयाबीन पाण्याखाली गेली. पावसाने तारखा सोडल्या आहेत, पण नियम, मुदती आणि घोषणा अजून जुन्याच तारखांवर चालतात आणि पुढारी पाणी ओसरल्यावर येतात. या धाग्यावर नुसती हळहळ नको, पक्षांची भांडणं तर नकोच. ज्याला ज्या कामाची नीट माहिती आहे त्याने ती आकड्यांनिशी लिहावी.

धाराशिवकडून

पंचनाम्याला तिघं येतात : तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. मध्यंतरी पदांची नावं बदलली, कामं तीच. त्यांच्या कागदावर गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी बघायची. ३३ टक्क्यांच्या खालचा आकडा पडला की मदत शून्य, म्हणून रकाना कोरा असताना सही करू नका. सातबारावर पिकाची नोंद नसेल तर वाद तिथूनच सुरू होतो. ही नोंद म्हणजे ई-पीक पाहणी, ती हंगामातच, वावरात उभं राहून मोबाइलवर करून ठेवावी. सामाईक खात्यात बाकीच्या खातेदारांची संमती लागते. भाऊ पुण्याला, बहीण सासरी, आणि पैसे तहसीलमध्ये पडून, हे गावोगाव दिसतं. यादीत नाव आलं की विशिष्ट क्रमांक मिळतो, तो घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी करायची. म्हाताऱ्यांचे अंगठे उमटत नाहीत, तिथे आधारला जोडलेला मोबाइल चालू असला तर काम लवकर होतं.

आता दर. केंद्राच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५०० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंत. जानेवारी २०२४ च्या निर्णयाने राज्याने ते १३,६००, २७,००० आणि ३६,००० केले, मर्यादा ३ हेक्टर. विधानसभेची निवडणूक आटोपली आणि मे २०२५ मध्ये जुने दर परत. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये ३ हेक्टरची मर्यादा पुन्हा आली, शिवाय रब्बीसाठी हेक्टरी १०,००० वेगळे. ८,५०० म्हणजे एकरी ३,४०० रुपये, त्यात सोयाबीनची काढणीही धड निघत नाही. बांधावर आलेल्या माणसाला ‘मदत मिळणार का’ असं विचारलं की ‘मिळणार’ हेच उत्तर येतं. कोणत्या दराने, किती हेक्टरपर्यंत, शासन निर्णय कधी, हे विचारा.

लातूरहून

वरची मदत वेगळी आणि पीकविमा वेगळा. दोन्हींची गल्लत होते, पुढाऱ्यांच्या भाषणात तर हमखास.

‘७२ तासांत कंपनीला कळवा’ असे संदेश अजून फिरतात. राज्यात खरीप २०२५ पासून एक रुपयातला विमा बंद झाला आणि वैयक्तिक नुकसानीची ती तक्रारही गेली. आता शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला ५ टक्के. खरीप २०२५ मध्ये भरपाई फक्त महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या मिळून गटाच्या, सरासरी उत्पन्नावर. हिशेब असा : मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी काढायची, तिचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. समजा सरासरी हेक्टरी १५ क्विंटल, तर उंबरठा साडेदहा. यंदा मंडळात ८.४ क्विंटल निघालं तर तूट २.१, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विमा संरक्षित रक्कम ५०,००० धरली तर १०,००० रुपये हेक्टरी.

हे ८.४ कुठून येतं? पीक कापणी प्रयोगातून. सोयाबीनचा तुकडा १० मीटर बाय ५ मीटर, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. त्यात ४.२ किलो धान्य निघालं की गुणिले २००, झाले ८४० किलो. तुकड्यात पाव किलो इकडचा तिकडे झाला तर हेक्टरी अर्धा क्विंटल फरक पडतो. म्हणून प्रयोगाच्या दिवशी गावातल्या दोघातिघांनी तिथे हजर राहावं. टेप कुठे लावली, शेंगा पूर्ण मळल्या का, वजन ओल्या दाण्याचं धरलं की वाळल्याचं, हे बघावं. ओलं वजन धरलं की उत्पन्न फुगतं आणि भरपाई आटते. काही पिकांना उपग्रहावरून काढलेला अंदाजही यात मिसळतात.

पद्धतीतली खोट उघड आहे. नदीकाठची चार गावं पूर्ण बुडाली आणि माळावरच्या गावांना साधलं, तर मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर राहू शकते. बुडालेल्यांना विम्यातून काहीच नाही. ओल्या दुष्काळात असंच होणार हे योजना बदलताना दिसत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

निफाड

उन्हाळ कांद्याचं सांगतो. निम्म्याहून जास्त माना पडल्या की काढणी. पातीसकट ३ दिवस वावरात, एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचा कांदा झाकून. मग मान अडीच ते चार सेंटिमीटर ठेवून पात कापायची आणि १०-१२ दिवस सावलीत ढीग. वळीव नेमका या पंधरवड्यात गाठतो. ताडपत्री गच्च बांधून ठेवणं सगळ्यात वाईट, कारण आत वाफ धरते आणि मानेतून सड सुरू होते. पाऊस थांबला की लगेच उघडा, पातळ पसरा. भिजलेला माल कोरड्यात मिसळून कांदाचाळीत भरू नका, दोन महिन्यांत काजळी (काळी बुरशी) सगळीकडे पसरते. चाळ ४ फूट रुंद, थर जास्तीत जास्त ५ फूट, तळाला हवा खेळलीच पाहिजे.

आणि दिल्लीचं हवामान. निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ला आली, ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून. उन्हाळ कांदा बाजारात येताना ती लांबवली. ४ मे २०२४ ला उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. चाळीत किती भरायचा आणि किती लगेच विकायचा हे ठरवणार कशाच्या जोरावर?

रत्नागिरी

हापूसला ऑक्टोबरात पाण्याचा ताण आणि मग थंडी हवी. पाऊस लांबला की मोहोराऐवजी पालवी येते आणि सगळं दीड-दोन महिने पुढे जातं. कल्टार (मोहोर यावा म्हणून झाडाच्या बुंध्याशी घालायचं औषध) जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली. धो धो पावसात घातलं की वाहून जातं, उघडीप बघूनच घाला. फळपीक विम्याला ठरावीक तारखांच्या आतलाच पाऊस मोजतात आणि तोही मंडळातल्या हवामान केंद्रावरचा. केंद्र खाडीकाठी आणि बाग कातळावर, मग बसा भांडत.

दादर, मुंबई

नालेसफाईची मुदत ३१ मे असते. २०२५ मध्ये पाऊस २६ मेलाच आला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर प्रशासक होता, म्हणजे तेव्हा जाब विचारायला नगरसेवकही नव्हता. नाला साफ झाला का हे बघायला एप्रिलअखेर जा आणि कल्व्हर्टच्या आतला फोटो घ्या, कारण गाळ वरवर काढतात आणि पुलाखालचा तसाच राहतो. काढलेला गाळ काठावर पडून असेल तर पहिल्या सरीत तो परत आत जातो. भरती साडेचार मीटरच्या वर असेल आणि त्याच तासात जोरदार पाऊस असेल तर पाणी फक्त पंपांवरच उपसतं, तेव्हा तळघरातली गाडी आदल्या रात्रीच काढा.

धाराशिवकडून, पुन्हा

एक राहिलं. जमिनीचं नुकसान पिकाच्या पंचनाम्यात येत नाही, वेगळं लिहून घ्यावं लागतं. नदीने पात्र बदलून जमीन खरडून नेली असेल तर हेक्टरी ४७,०००, वाळू-गाळ साचला असेल तर १८,०००, तोही थर ३ इंचांपेक्षा जास्त असला तरच. पाणी ओसरल्यावर ट्रॅक्टर घालण्याआधी चार ठिकाणी खड्डा घेऊन थरात पट्टी उभी धरा, आकडा दिसेल असा फोटो काढा आणि पंचनाम्यात जाडी इंचात लिहायला लावा.